डोळ्यात खरोखरच तेल घालणारा डॉक्टर : पॉल सिबिस यांची गोष्ट

मराठी माणूस डोळ्यात तेल घालून पहारा देतो, शेताची राखण करतो, मतमोजणीच्या दिवशी टीव्हीसमोर बसतो. पण ज्या घरात कुणाचं डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, तिथे हे वाक्य शब्दशः खरं असतं. डॉक्टरांनी डोळ्यात तेल टाकलंय, काही महिन्यांनी ते काढायचंय, तोवर पालथं झोपायचंय, असं पेशंट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे कुठलं तेल?

हे तेल म्हणजे सिलिकॉन ऑइल. पाण्यासारखं पारदर्शक, पण घट्ट. जगभरातल्या रेटिना सर्जनच्या कपाटात ते असतंच. आणि हे तेल माणसाच्या डोळ्यात घालण्याचं ऑपरेशन रुजवणाऱ्या डॉक्टरचं नाव रेटिनाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतं. पॉल सिबिस. जन्म १९११, मृत्यू १९६५. या तेलाने डोळे वाचतात की दीर्घकाळात बिघडतात, याचं ठोस उत्तर मिळायला त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसहून जास्त वर्षं लागली. सिबिस यांची गोष्ट त्यामुळे त्यांच्यासोबत संपत नाही.

आधी डोळ्याच्या आत काय असतं ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

डोळा म्हणजे छोटा गोल चेंडू. पुढे भिंग, मागे आतल्या भिंतीला चिकटलेला नाजूक पडदा, म्हणजे रेटिना. मधली पोकळी एका जेलने भरलेली असते. डॉक्टर त्याला व्हिट्रियस म्हणतात. ते साधारण चार मिलिलिटर, म्हणजे एक चमचाही नाही. त्यातलं जवळपास ९९ टक्के पाणीच. उरलेल्या एका टक्क्यात कोलॅजनचे धागे आणि हायलुरॉनिक ॲसिड. आज ब्युटी क्रीमच्या जाहिरातीत ऐकू येतं तेच हायलुरॉनिक ॲसिड. १९३४ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं ते गाईगुरांच्या डोळ्यातल्या याच जेलमध्ये.

वय वाढलं की हे जेल पातळ होतं, आकसतं. आकसताना कधी कधी पडद्याला ओढ बसते आणि पडदा फाटतो. फटीतून पाणी मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीवरून रंगाचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढतात, विजेसारखे लखलखाट दिसतात, बाजूने काळी सावली सरकत येते. जाड नंबरचा चष्मा असलेल्यांना हा धोका जास्त. अशी लक्षणं दिसली तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं असतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडदा सुटला की डोळा गेला, इतका साधा हिशेब होता. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या ज्यूल गोनँ यांनी, फाटलेली जागा शोधून ती बंद केल्याशिवाय पडदा बसणार नाही, हे दाखवून दिलं. मग डोळ्याला बाहेरून पट्टा बांधून भिंत आत दाबायची पद्धत आली. बरेच डोळे वाचू लागले. सगळे मात्र नाही. काही डोळ्यांत सुटलेल्या पडद्यावर चिवट पापुद्रे धरायचे, पडदा चुरगळायचा, आखडायचा. अशा डोळ्यांना बाहेरून कितीही दाबलं तरी उपयोग होत नसे.

आतून काहीतरी भरून पडदा भिंतीला दाबता येईल का, हा विचारही जुनाच. १८९५ मध्ये जर्मनीत डॉइचमान नावाच्या डॉक्टरांनी पेशंटच्या डोळ्यात प्राण्याच्या डोळ्यातलं जेल टोचून पाहिलं. पुढे कुणी हवा भरली. ती काही दिवसांत विरून जायची. १९४० च्या दशकात अमेरिकेत मृत माणसाच्या डोळ्यातलं जेल काढून वापरण्याचाही प्रयत्न झाला. यातलं काहीच पडदा आखडलेल्या डोळ्यांना तारणारं नव्हतं.

सिबिस या प्रश्नाकडे वळले ते एका भलत्याच वाटेने.

सिबिस जर्मन. डोळ्याचे डॉक्टर झाले तेही जर्मनीतच. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेने हरलेल्या जर्मनीतले शास्त्रज्ञ आणि इंजिनियर उचलून आपल्याकडे आणले. या मोहिमेचं नाव ऑपरेशन पेपरक्लिप. रॉकेटवाले वेर्नर फॉन ब्राउन त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. पण त्या यादीत डॉक्टरही होते. टेक्सासमधल्या रँडॉल्फ फील्ड या हवाई तळावर वायुदलाची वैद्यकीय संशोधन संस्था होती. उंचीवर, वेगात, कमी ऑक्सिजनमध्ये वैमानिकाच्या शरीराचं काय होतं, याचा अभ्यास तिथे चालायचा. सिबिस तिथे रुजू झाले. या मोहिमेतून आलेल्या काही जर्मन डॉक्टरांच्या युद्धकाळातल्या कामावरून पुढे अमेरिकेत बरेच वाद झाले. काल ज्यांच्याशी लढलो त्यांनाच आज प्रयोगशाळा द्यायची, हा सौदा तेव्हाही सगळ्यांना पचला नव्हता.

रँडॉल्फ फील्डवर सिबिस यांच्या वाट्याला आलेलं काम म्हणजे डोळ्याचा पडदा कशाने मरतो ते मोजणं.

१९५० च्या दशकात अमेरिका नेवाडाच्या वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या करत होती. वायुदलाला भीती होती की स्फोटाचा लखलखाट पाहून वैमानिक आंधळे होतील. मग स्फोटाच्या दिशेने तोंड करून सशांना वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलं गेलं. स्फोटानंतर त्यांचे पडदे तपासले तर त्यावर भाजल्याचे डाग. आणि धक्का बसावा अशी गोष्ट म्हणजे हे डाग कित्येक मैल दूर असलेल्या सशांच्या डोळ्यांतही सापडले. तेवढ्या अंतरावर अंगावरचा केससुद्धा जळत नव्हता.

कारण डोळ्याच्या रचनेतच आहे. लहानपणी भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळलाय ना, तेच इथे घडतं. अंतर वाढलं की अग्निगोळ्याची पडद्यावरची प्रतिमा लहान होते, पण तेवढ्या ठिपक्यावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता फारशी कमी होत नाही. त्यामुळे दूर उभं राहिलेल्याला लहान डाग मिळतो, पण मिळतो. १९५५ मध्ये सिबिस आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष छापले. पुढच्याच वर्षी आणखी एक पेपर आला, अणुस्फोटाने पडदा भाजलेल्या माणसांबद्दल. सशांवर दिसलं ते माणसांतही होतं.

याच काळात त्यांनी तीव्र क्ष-किरणांनी पडद्याच्या पेशी कशा मरतात, याचाही अभ्यास केला. म्हणजे पुढे ज्या माणसाने डोळ्यात परकी वस्तू भरली, त्याची आधीची काही वर्षं पडद्याला इजा नेमकी केव्हा आणि कशी होते हे शोधण्यात गेली होती. पडदा किती नाजूक असतो याची कल्पना नसलेला हा उतावळा सर्जन नव्हता. ही बाब त्यांच्यावर नंतर झालेली टीका वाचताना ध्यानात ठेवायला हवी.

पुढे लष्करी प्रयोगशाळा सोडून सिबिस सेंट लुइसला आले. तिथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा नेत्रविभाग बर्नार्ड बेकर यांच्या हाताखाली नावारूपाला येत होता. बेकर काचबिंदूतले मोठे नाव. आता सिबिस यांच्यासमोर ससे नव्हते, पेशंट होते. त्यातही अनेक असे, ज्यांना बाकीच्या डॉक्टरांनी हात टेकून परत पाठवलं होतं.

सिलिकॉन तेव्हा नवलाईची वस्तू होती. उष्णतेने बिघडत नाही, कशाशी पटकन रासायनिक क्रिया करत नाही, शरीर त्याला फारसा विरोध करत नाही, असा त्याचा लौकिक. १९५८ मध्ये विल्यम स्टोन यांनी सशांच्या डोळ्यात द्रव सिलिकॉन टोचून पाहिलं होतं. आयोवाच्या अरमाली यांनी डोळ्यातलं पाणी आणि जेल काढून त्याजागी सिलिकॉन भरलं तर प्राण्यांचा डोळा ते किती सहन करतो, याची पद्धतशीर तपासणी केली. त्यांचा पेपर १९६२ मध्ये छापून आला.

आणि त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सिबिस, बेकर, ओकून आणि कनान यांचा पेपर आला. विषय : पडदा सुटलेल्या पेशंटवर द्रव सिलिकॉनचा वापर.

तारखा नीट पाहा. प्राण्यांच्या डोळ्यांवरचा अहवाल आणि माणसांच्या डोळ्यांवरचा अहवाल एकाच वर्षातले. आज एखाद्या नव्या पदार्थाला प्रयोगशाळेतून पेशंटपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागतात. तेव्हा मधला जिना जवळजवळ नव्हताच. शरीरात घालायच्या वैद्यकीय उपकरणांना आधी सरकारी मंजुरी हवी, हा कायदा अमेरिकेत १९७६ मध्ये आला.

ऑपरेशन होतं तरी कसं?

सिबिस पुढून दुर्बिणीसारख्या उपकरणातून पडदा पाहत आणि बारीक सुईने तेल अगदी हळूहळू आत सोडत. तेल नुसतं भरायचं नव्हतं, त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं. पुढे सरकणारा तेलाचा थेंब पडदा आणि त्याच्यावरच्या चिवट पापुद्र्यामध्ये शिरून दोघांना वेगळं करायचा. फणसाच्या चिकाला घाबरून आपण हाताला तेल लावतो, तशातला प्रकार, फक्त इथे चूक झाली तर पडद्याच्याच चिंध्या. डोळ्याच्या आत शिरून पापुद्रे कापायची अवजारं तोवर आलीच नव्हती. तेल हेच सिबिस यांचं अवजार.

तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते फटीतून सहजासहजी मागे जात नाही, उलट फट बुजवून बसतं. ते पाण्यापेक्षा किंचित हलकं असल्यामुळे वर तरंगतं. फाटलेली जागा वर येईल असं डोकं ठेवलं की तेल तिच्यावर दाब धरून राहतं. पडद्याची मागची बाजू दाबायची असेल तर पालथं झोपायला सांगतात ते त्यामुळेच. आणखी एक सोय म्हणजे तेल वायूसारखं प्रसरण पावत नाही. डोळ्यात वायू भरलेल्या पेशंटला विमानात बसायला सक्त मनाई असते, तेलवाल्याला ती अडचण नसते. वायुदलाच्या संस्थेतून आलेल्या डॉक्टरने रुजवलेल्या उपायाला हे शोभतंच म्हणायचं.

निकाल थक्क करणारे होते. सगळीकडून नकार मिळालेल्या काही डोळ्यांत पडदा परत भिंतीला लागला. दृष्टी पूर्वीसारखी होत नसे, पण पूर्ण अंधार आणि खोलीत वावरण्याइतकं दिसणं यात किती अंतर आहे, हे ज्याचा दुसरा डोळाही गेलाय त्याला विचारावं.

मग हळूहळू दुसरी बाजू दिसू लागली.

महिने गेले, वर्षं गेली आणि तेल असलेल्या डोळ्यांत मोतीबिंदू होऊ लागले. तेलाचे बारीक बारीक थेंब सुटून पुढे यायचे, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अडवायचे, आणि डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू. तेल पुढच्या पारदर्शक कॉर्नियाला टेकलं तर ती पांढरी पडायची. म्हणजे पडदा जागेवर आणि तरीही पेशंटला दिसत नाही, अशी अवस्था.

हे आधी कळलं कसं नाही? सशाच्या डोळ्यात तेल घालून काही आठवडे, काही महिने पाहिलं तर पेशी मरतात का, सूज येते का, एवढं कळतं. पाच वर्षांनी तेलाचे थेंब सुटतील का, हे कळत नाही. शिवाय सशाचा पडदा आपल्यासारखा नसतो. त्यात रक्तवाहिन्या मोजक्याच भागात असतात, आणि बारीक अक्षरं वाचायला लागतो तो पडद्याचा मधला खास भाग सशाला नसतोच. त्यात आणखी एक गुंता. सिबिस यांचे पेशंट आधीच शेवटच्या टप्प्यात होते. डोळा बिघडला तर दोष तेलाचा की मूळ आजाराचा, हे ठरवायला तुलना लागते. म्हणजे तसेच आजारी, पण तेल न घातलेले डोळे. ती तुलना कुणी केलीच नव्हती. अर्थात, ज्याला दुसरा उपायच नाही त्याला तुलनेसाठी उपायाविना ठेवायचं, हे तरी कुणाला जमलं असतं?

१९६५ मध्ये सिबिस यांचं व्हिट्रियस आणि पडद्याचे आजार, त्यांच्या शस्त्रक्रिया यांवरचं पुस्तक प्रकाशित झालं. व्हिट्रियस म्हणजे डोळ्यातली नुसती भरताड आहे, त्याला हात लावू नये, असं मानणाऱ्या काळात हे पुस्तक त्या जेलच्या आत शिरून आजार समजून घेत होतं. त्याच वर्षी सिबिस गेले. वयाची पंचावन्न वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

त्यांच्यामागे तेल पोरकं झालं. १९६७ आणि १९६८ मध्ये जुन्या पेशंटच्या दीर्घकाळच्या तपासण्यांचे अहवाल आले. त्यातला एक सिबिस यांचे सहकारी ओकून यांचाच. गुंतागुंतींची यादी लांब होती. याच दशकात सौंदर्यासाठी शरीरात द्रव सिलिकॉन टोचून घेण्याचं फॅड अमेरिकेत बोकाळलं होतं आणि त्याचे भयानक परिणाम समोर येत होते. सरकारने टोचायच्या सिलिकॉनला औषध ठरवून बंधनं आणली. डोळ्यातलं तेल आणि छातीत टोचलेलं सिलिकॉन यांचा हेतू वेगळा, पण बदनामी वाटून घ्यावी लागली. अमेरिकेत बहुतेक सर्जननी हे तेल सोडून दिलं.

युरोपात मात्र ते टिकलं. केंब्रिजच्या जॉन स्कॉट यांनी सिबिस यांची पद्धत चालू ठेवली. दरम्यान मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी १९७० मध्ये डोळ्याच्या बाजूने बारीक कटर घालून जेल कापून बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आज तिला व्हिट्रेक्टमी म्हणतात. आता पापुद्रे वेगळे करण्याचं काम तेलाकडून करून घ्यायची गरज उरली नाही. ते काम अवजारांचं, आणि तेलाने फक्त पडदा धरून ठेवायचा. पॅरिसमध्ये जाँ ओ आणि रॉटरडॅममध्ये रेल्या झिव्होयनोविच यांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या, आणि टाकून दिलेलं तेल परत आलं.

शेवटी, सिबिस यांच्या हयातीत न झालेली तुलना झाली. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या मदतीने १९८५ मध्ये अनेक रुग्णालयांत एकत्र चाचणी सुरू झाली. पडदा आखडलेल्या पेशंटपैकी कुणाला तेल आणि कुणाला वायू हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं, म्हणजे डॉक्टरच्या आवडीनिवडीला जागा उरली नाही. १९९२ मध्ये निकाल आले. लवकर विरणाऱ्या वायूपेक्षा तेल सरस ठरलं. जास्त टिकणाऱ्या दुसऱ्या वायूच्या ते साधारण बरोबरीचं निघालं. दुष्परिणाम दोन्हीकडे होते, आणि आता ते मोजलेले होते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डोळ्यासाठी सिलिकॉन ऑइलला मंजुरी दिली. सिबिस यांच्या पेपरला तेव्हा ३२ वर्षं झाली होती.

मधल्या काळात तेलही बदललं. जुन्या तेलात लहान रेणूंची अशुद्धी असायची आणि त्रासातला काही वाटा तिचा होता, हे लक्षात आलं. आजचं वैद्यकीय तेल ते लहान रेणू काढून टाकून शुद्ध केलेलं असतं. डोळ्यात भरायच्या तेल, वायू आणि द्रवांसाठी आयएसओ १६६७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. शुद्धता किती, घट्टपणा किती, पेशींवर परिणाम काय, प्राण्याच्या डोळ्यात काय होतं, हे सगळं त्यात तपासायचं असतं.

तरीही फट राहू शकते. २०१५ च्या सुमारास स्पेनमध्ये पडद्याच्या ऑपरेशननंतर अनेक पेशंटची दृष्टी अचानक गेली. ऑपरेशन चालू असताना पडदा सपाट करायला एक जड द्रव वापरतात आणि शेवटी काढून घेतात. त्याच्या काही बॅचमध्ये विषारी अशुद्धी निघाली. त्या बॅच रीतसर चाचणी पास होऊन बाजारात आल्या होत्या. चाचणीची पद्धत अशी, की पदार्थ पाण्यासारख्या द्रावणात ठेवायचा आणि मग ते द्रावण पेशींवर घालायचं. पण हा द्रव पाण्यात विरघळतच नाही, मग त्यातलं विष द्रावणात उतरणार कसं? नंतर संशोधकांनी तोच द्रव थेट रेटिनाच्या पेशींवर ठेवून पाहिला, तेव्हा पेशी मेल्या. त्यानंतर अशा पदार्थांसाठी थेट संपर्काच्या चाचणीचा आग्रह वाढला.

सिलिकॉन तेलाच्या बाबतीत आजचा रिवाज असा, की पडदा पक्का बसला की काही महिन्यांत दुसरं छोटं ऑपरेशन करून ते काढून टाकायचं. मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका त्याने कमी होतो. भारतातही असंच करतात, आणि तेल काढायची तारीख चुकवू नका असं डॉक्टर बजावतात ते याचसाठी. फक्त काही डोळे असे असतात, की तेल काढलं तर पडदा पुन्हा सुटेल. तिथे सर्जन आणि पेशंट मिळून ठरवतात आणि तेल आतच ठेवतात. दर थोड्या महिन्यांनी दाब मोजायचा, कॉर्निया पाहायची, थेंब सुटलेत का ते तपासायचं, आणि हे तेल आत असेपर्यंत चालू ठेवायचं.